पोतोसीची चांदी, पाळीची माणसं आणि पेटीतलं एक वाकडं नाणं

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: रेवदंड्याच्या जुन्या घरात आजोबांच्या पेटीत चांदीचं एक ओबडधोबड नाणं सापडलं. गोल नाही, कडा छाटल्यासारख्या, एका बाजूला क्रूस आणि त्याच्या कोपऱ्यांत सिंह व किल्ले. कुणीतरी सांगितलं, हे स्पॅनिश आहे, बोलिव्हियातल्या पोतोसीचं. मग त्यांनी वाचायला घेतलं आणि तीन गोष्टींत अडकले. पोतोसी म्हणजे नेमकं काय होतं? तिथे गुलामांकडून चांदी खणून घेतली आणि ८० लाख माणसं मेली, हे खरं का? आणि इतकी चांदी मिळूनही स्पेन कर्जबाजारी कसा झाला?

जुनी नाणी तपासणं हा माझा तीसेक वर्षांचा धंदा. नाण्याचं शेवटी सांगतो, कारण मागची गोष्ट कळल्याशिवाय ते नाणं असं वाकडं का, हेच उमगणार नाही.

आजच्या बोलिव्हियाला स्पॅनिश अमलात चार्कास म्हणत, पुढे पुढे 'वरचं पेरू' असंही. लिमाला पेरूचा व्हाइसरॉय. त्याच्या हाताखाली पण बरंचसं स्वतंत्र असं एक न्यायपीठ १५५९ साली चार्काससाठी नेमलं गेलं, ते ला प्लाता या गावी बसे. ते गाव म्हणजे आजचं सुक्रे. हे न्यायपीठ खटलेही चालवी आणि कारभारही पाही. १७७६ मध्ये हा सगळा मुलूख पेरूकडून काढून ब्वेनोस आइरेसच्या नव्या व्हाइसरॉयकडे दिला. १८२५ च्या ६ ऑगस्टला तो स्वतंत्र झाला आणि बोलिव्हारच्या नावावरून बोलिव्हिया झाला. हा झाला सांगाडा. त्यात जीव होता एका डोंगराचा.

सेरो रिको, म्हणजे 'श्रीमंत डोंगर'. उंची सुमारे ४,८०० मीटर, आणि त्याच्या पायथ्याचं पोतोसी शहर ४,००० मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. झाड नाही, शेत नाही, रात्री हाडं गोठवणारी थंडी. १५४५ मध्ये दिएगो वाल्पा नावाच्या स्थानिक माणसाला तिथे चांदीची शीर दिसली अशी कथा आहे. त्याचा लामा (उंटाच्या कुळातलं ओझ्याचं जनावर) पळाला, तो मागे धावला, झुडूप उपटलं आणि मुळाशी चांदी चमकली, वगैरे. ही सजावट नंतरची. पण साल पक्कं आहे, आणि त्याच वर्षी वस्ती उभी राहिली हेही. १६११ च्या शिरगणतीत तिथे दीड लाखावर माणसं मोजली गेली. त्या वेळी युरोपातसुद्धा एवढी शहरं बोटांवर मोजण्याइतकी होती.

बहुतेक लेखांत इथून थेट 'मग स्पॅनिशांनी चांदी लुटली' यावर उडी मारतात. त्यात मधली खरी गंमत हुकते. पहिली पंचवीसेक वर्षं चांदी गाळण्याची कला स्पॅनिशांच्या हातात नव्हतीच. ती होती स्थानिक भट्टीवाल्यांच्या हातात. मातीच्या किंवा दगडाच्या, सगळीकडून भोकं पाडलेल्या छोट्या भट्ट्या ते डोंगराच्या धारेवर ठेवत आणि रात्रीच्या वाऱ्यावर खनिज वितळवत. भात्याची गरज नाही. या भट्टीचं नाव 'वायरा', आणि तिथल्या स्थानिक केचुआ भाषेत वायरा म्हणजे वारा! (भट्टीला नाव पडलं ते त्या वाऱ्यावरूनच.) रात्री सगळा डोंगर अशा हजारो भट्ट्यांनी लुकलुकायचा. स्पॅनिशांनी भाता लावून बघितला, जमलं नाही. त्यामुळे खाणीचा मालक स्पॅनिश असला तरी खनिज भट्टीवाल्याकडे जाई आणि तो आपला वाटा राखूनच चांदी देई.

हे चाललं, कारण वरच्या थरातलं खनिज अतिशय कसदार होतं. १५६० च्या पुढे ते संपत आलं. खाली होतं ते हलक्या प्रतीचं, वायऱ्यात परवडेना. पोतोसी तेव्हाच ओसाड पडलं असतं.

ते वाचवलं पाऱ्याने आणि एका कारकुनी डोक्याच्या माणसाने. फ्रान्सिस्को दे तोलेदो हा १५६९ ते १५८१ पेरूचा व्हाइसरॉय होता. मेक्सिकोत पाचुका इथे बार्तोलोमे दे मेदिनाने १५५० च्या दशकात पाऱ्याने चांदी काढायची रीत बसवली होती. पेरूतच, उआन्कावेलिका इथे, १५६० च्या दशकात पाऱ्याची मोठी खाण सापडली. १५७२ मध्ये पोतोसीला ही रीत सुरू झाली. उआन्कावेलिकाचा डोंगर आणि पोतोसीचा डोंगर यांचं लग्न लावून देतो आहे, अशा अर्थाचं तोलेदो स्वतःच बोलत असे.

रीत अशी. खनिज पाण्यावर चालणाऱ्या गिरणीत कुटायचं, पिठासारखं चाळायचं. त्यात मीठ आणि पारा घालून पाण्याने चिखल करायचा. मेक्सिकोत हा चिखल उघड्या अंगणात पसरत आणि उन्हावर सोडत. पोतोसीला थंडीमुळे ते होईना, म्हणून हौदांखाली जाळ करत. चिखल पायांनी तुडवायची वेळ आली की तुडवणारा अर्थातच स्थानिक मजूर. चांदी पाऱ्यात मुरली की चिखल धुवून काढायचा, उरलेला गोळा फडक्यातून पिळायचा, अननसासारखा आकार देऊन तापवायचा. पारा उडून जातो, सच्छिद्र चांदी मागे राहते. उडालेला पारा जाणार कुठे? आसपासच्या माणसांच्या छातीत, डोक्यात. हातपाय थरथरणाऱ्या माणसाला स्पॅनिशमध्ये 'पारा चढलेला' असाच शब्द आहे. आमच्याकडे जुनी चांदी गाळणाऱ्या कारागिरांत अशी थरथर मी पाहिली आहे, म्हणून हा भाग वाचताना माझं लक्ष चांदीवर राहत नाही.

या रीतीने पहिला चमत्कार काय केला, तर पंचवीस वर्षं निरुपयोगी म्हणून फेकलेल्या खनिजाच्या ढिगांतूनच चांदी निघाली. आयता माल, खणायचीही गरज नाही. मग गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांना पाणी हवं, आणि पाऊस तीन-चार महिनेच. म्हणून कारी-कारी डोंगरांत बंधारे घालून एकामागून एक तलाव केले आणि शहरातून कालवा काढला. १६२६ च्या १५ मार्चला त्यातला सान इल्देफोन्सोचा बंधारा फुटला आणि कालव्याकाठच्या बहुतेक गिरण्या काही तासांत मोडल्या. माणसं किती गेली याचे आकडे लेखागणिक बदलतात. गिरण्या मात्र पुन्हा बांधल्या गेल्या. १५९० च्या दशकात, भराच्या काळात, वर्षाला २०० टनांच्या आसपास चांदी सरकारी वहीत चढत होती. चोरटी वेगळी. त्यातला पाचवा हिस्सा राजाचा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म. खाणीत उतरणार कोण?

केचुआत 'मिता' म्हणजे पाळी. पाटाच्या पाण्याची पाळी असते ना, तशीच. इंका राज्यात गावागावाने पाळीने रस्ते, कोठारं, शेतं यांवर काम करायचं, आणि काम करणाऱ्याला राज्याने खायला-प्यायला घालायचं, अशी ती रीत होती. तोलेदोने नाव तेच ठेवलं आणि आतलं सगळं बदललं. कुस्कोच्या दक्षिणेपासून खाली १६ प्रांत ठरवले. तिथल्या १८ ते ५० वयाच्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा दरवर्षी पोतोसीला यायचा, म्हणजे साधारण १३,५००. त्यांचे तीन भाग. एका वेळी साडेचार हजार कामावर, आठवडा काम आणि दोन आठवडे सुटी. मजुरी ठरलेली होती: खाणीत दिवसाला साडेतीन रेआल (रेआल हे स्पॅनिश चांदीचं नाणं, आठ रेआलचा एक पेसो). सात वर्षांतून एकदा पाळी. कागदावर बघितलं तर बऱ्यापैकी माणुसकीचं वाटतं.

म्हणून 'गुलाम' हा शब्द इथे चुकतो. आफ्रिकेतून आणलेले गुलाम पोतोसीत होते, टांकसाळीत राबत होते, घरकामाला होते. पण खाणीतला माणूस कायद्याने राजाचा स्वतंत्र प्रजाजन होता. आपल्या वाचकाला वेठबिगार म्हटलं की चटकन कळतं, आणि ते बरंच जवळचं आहे. फरक एवढाच की वेठीत मजुरी नसते, इथे होती. ती मजुरीच सापळा होती.

तितिकाका सरोवराकाठच्या चुकुइतो प्रांताचं १७व्या शतकाच्या सुरुवातीचं एक वर्णन आहे. २,२०० पुरुषांची पाळी, पण निघत सात हजार माणसं, बायकामुलांसकट. सोबत तीसेक हजार लामा-अल्पाका, पाठीवर अंथरूण आणि खाणं. खाणं म्हणजे मुख्यतः चुन्यो. बटाटा रात्री बर्फात गोठवायचा, सकाळी पायांनी दाबून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचा, की वर्षानुवर्षं टिकतो. शंभर कोसांच्यावर चाल, दोन महिने लागत. या दोन महिन्यांची मजुरी द्यायची असा नियम होता. नियम होता, एवढंच.

सोमवारी डोंगराच्या पायथ्याशी माणसांची वाटणी व्हायची. आत उतरायला कातडी दोराच्या शिड्या, लाकडाच्या पायऱ्या. मेणबत्ती अंगठ्याला बांधलेली, कारण दोन्ही हात शिडीला लागतात. पाठीवर घोंगडीत बांधलेलं पंचवीसेक किलो खनिज. एकामागे एक चढत. आतल्या उकाड्यातून घामाघूम होऊन वर आलं की थेट बर्फाळ वारा. न्यूमोनियाने माणूस मरायला दरड कोसळावी लागत नसे. आणि ती मेणबत्ती? अनेकदा मजुराने आपल्या पैशाची आणायची. चघळायची कोकाची पानंही आपली. आठवड्याची मजुरी अडीच पेसोच्या आसपास, तीन आठवड्यांतून एकदा, आणि पोतोसीत सगळंच महाग, कारण मीठभाकरीपासून लाकडापर्यंत सगळं बाहेरून येणार. मग 'सुटी'च्या दोन आठवड्यांत तोच माणूस रोजंदारीवर पुन्हा खाणीत. या रोजंदारीला 'मिंगा' म्हणत आणि तिचा दर मिताहून चांगला होता. म्हणजे एकाच माणसाची बाजारभावाने किंमत किती आणि पाळीच्या नावाखाली किती, हे त्या काळच्या कुठल्याही मुकादमाला तोंडपाठ होतं. दोन्हींतला फरक गावं भरत होती. लामा विकून, शेतं पडीक ठेवून.

पुढे जे झालं ते मला आजही चकित करतं. गावं रोगराईने आणि पलायनाने रिकामी होत चालली. मिता चुकवायला लोक आपलं गाव सोडून दुसऱ्याच्या गावात 'परके' म्हणून राहू लागले, कारण परक्याला पाळी लागत नसे. पण वहीतला आकडा तोलेदोच्या काळचाच. कमी पडलेल्या माणसांबद्दल गावचा मुखिया, म्हणजे कुराका, जबाबदार. मग तो माणसांऐवजी रोख रक्कम द्यायला लागला. खाणमालकाने त्या पैशात रोजंदारीचा माणूस ठेवावा ही अपेक्षा. मालकाने हिशेब केला: खनिज हलकं झालंय, खाण चालवून मिळणार किती? पैसे सरळ खिशात. अशा कधीच न आलेल्या, फक्त पैशाच्या रूपाने आलेल्या मजुरांना पोतोसीत नावच पडलं, 'खिशातले इंडियन' (तिथल्या स्थानिक लोकांना स्पॅनिश 'इंडियन' म्हणत). पुढे गिरणीचं भाडंदेखील यंत्रावर ठरेना. तिच्या नावावर किती मितायो, म्हणजे मिताचे मजूर, लागले आहेत त्यावर ठरे. पाऱ्याने एकदा वाचवलेला डोंगर दुसऱ्यांदा वाचला तो असा. चांदी डोंगरातून कमी आणि दूरदूरच्या खेड्यांतून जास्त निघत होती.

हे कुणाला दिसत नव्हतं असं नाही. १६७० च्या सुमारास खुद्द व्हाइसरॉय लेमोसने मिता बंद करा म्हणून माद्रिदला लिहिलं. बंद झाली नाही. १७८० मध्ये कुस्कोजवळच्या तिंता प्रांतात होसे गाब्रिएल कोन्दोर्कान्कीने, म्हणजे दुसऱ्या तुपाक आमारूने, बंड केलं. त्याआधी हा माणूस वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करत होता आणि त्यातली एक मागणी हीच होती, आमच्या लोकांची पोतोसीची पाळी माफ करा. स्पेनमधल्या कादिसच्या संसदेने १८१२ मध्ये मिता रद्द केली. प्रत्यक्षात ती गेली स्वातंत्र्याबरोबरच.

आणि ८० लाखांचं काय? हा आकडा खूप फिरतो, पण त्याच्या पाठीशी त्या काळचा कुठलाही हिशेब नाही. वर्षाला १३,५०० ची भरती, तीही पुढे घटत गेलेली. तुम्हीच गुणाकार करून पाहा. सगळ्या अडीचशे वर्षांत पाळीवर आलेला प्रत्येक माणूस मेला असं धरलं, तरी बेरीज ८० लाखांच्या निम्म्यालाही पोचत नाही. अँडीजमधली लोकसंख्या कोसळली ती मुख्यतः देवी, गोवर यांसारख्या साथींनी. मिताने त्यात भर घातली, गावं खिळखिळी केली. आकडा फुगवला की वाद त्या आकड्यावर होतो आणि खिशातले इंडियन बाजूला राहतात. मला हे खटकतं.

सगळे मजूर नुसते सोसत होते असंही नाही. १८व्या शतकात 'काख्चा' नावाची टोळकी नावारूपाला आली. शनिवारी रात्री खाणी बंद झाल्या की हे आत शिरत आणि सोमवारी सकाळपर्यंत स्वतःसाठी खनिज काढत. दगडी जात्यासारख्या छोट्या चक्क्यांवर ते कुटलं जाई. मालक त्यांना चोर म्हणत. ते स्वतःला हक्कदार समजत. शेवटी सरकारनेही फार ताणलं नाही, कारण त्यांची चांदीही सरकारी पेढीवर येत होती.

स्पेनच्या कर्जाचं थोडक्यात सांगतो, त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. चांदी पोतोसीहून खेचरा-लामांवर आरिका बंदरात, तिथून जहाजाने पनामा, पुन्हा खेचरांवर पलीकडच्या किनाऱ्यावर, तिथून सेव्हिया. पण ती पोचायच्या आत खर्ची पडलेली असे. फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) लढायांसाठी राजाने जिनोव्हाच्या सावकारांकडून उचल घेतलेली आणि तारण काय, तर पुढच्या वर्षीची चांदी. १५५७, १५७५, १५९६, १६०७, एवढ्या वेळा स्पॅनिश राजाने हात वर केले. म्हणजे चांदी नसती तर एवढं कर्ज कुणी दिलंच नसतं. येणाऱ्या पिकावर सावकाराकडून उचल घेणाऱ्या घराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि सावकाराकडून ती पुढे निघे पूर्वेला. आपल्याकडे चांदीच्या खाणी नव्हत्या म्हटलं तरी चालेल, आणि मुघलांचा रुपया तर शुद्ध चांदीचा. त्यामुळे परदेशी व्यापाऱ्याकडून इथे कापड, मिरी, नीळ घेऊन त्या बदल्यात घ्यायचं ते चांदीच. १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता, म्हणजे त्या साठ वर्षांत गोवा, चौल, वसई आणि पोतोसी एकाच गादीखाली! आठ रेआलचं नाणं लिस्बनमार्गे गोव्याला येई, इंग्रज-डच जहाजांतून सुरतेला. तिथे सराफ ते वजनावर घेत आणि टांकसाळीत त्याचे रुपये पाडले जात. आठ रेआलच्या एका नाण्याचे दोन-सव्वादोन रुपये. म्हणूनच मूळ रूपातलं पोतोसीचं नाणं आपल्याकडे क्वचित मिळतं. पण १७व्या शतकातला सुरतेचा रुपया कुणाच्या घरी असेल, तर त्यात पोतोसी मुरलेलं असण्याची शक्यता बरीच.

आता तुमचं नाणं. पोतोसीची टांकसाळ १५७४ ची. चांदीच्या कांबीतून तुकडा कात्रीने कापायचा, वजन जास्त भरलं तर कडा छाटायची, मग दोन ठशांमध्ये ठेवून हातोडा. म्हणून ते वाकडं. या नाण्यांना 'माकुकीना' म्हणतात. यंत्राने पाडलेली गोल नाणी तिथे १७६७ पासून आली, वाकडी १७७३ ला थांबली. फोटोत क्रूसाच्या मागच्या बाजूला राजाची ढाल दिसते आहे, दोन खांब आणि लाटा नाहीत. म्हणजे खरं असेल तर १६५२ च्या आधीचं, कारण त्या साली नक्षी बदलली.

ती का बदलली हेही सांगायला हवं. १६४० च्या दशकात पोतोसीच्या टांकसाळीत चांदीत तांबं मिसळण्याचा मोठा घोटाळा चालला होता. चांदीचा बडा व्यापारी फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा त्याचा सूत्रधार. बाहेरच्या सराफांनी कस लावला आणि पोतोसीची पत गेली. १६५० मध्ये रोचाला गळा आवळून मारलं, खोट्या नाण्यांचं मूल्य उतरवलं, आणि नवा ठसा काढला.

तुमच्या फोटोत ढालीच्या डावीकडे 'पी'ची उभी रेघ दिसते. ती पोतोसीची खूण. तिच्याखाली कस लावणाऱ्याचं आद्याक्षर असायला हवं, ते झिजलंय. सालाचा भाग छाटला गेलाय, तेही नेहमीचंच. त्यामुळे फोटोवरून एवढंच. पुढचं तुम्ही घरी करू शकता. चिंच, राख, पितांबरी काही लावू नका. सोनाराच्या काट्यावर वजन करा, दोन दशांशांपर्यंत. पूर्ण आठ रेआल २७ ग्रॅमच्या थोडं वर भरतं, छाटलेलं २४-२५ चालेल. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, नाणं दोऱ्याने पाण्यात बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू न देता, आणि काटा किती वाढला ते लिहा. मूळ वजनाला या आकड्याने भागा. उत्तर १०.३ च्या आसपास आलं तर चांदी कसाची आहे. १० च्या जवळ आलं तर ते रोचाच्या काळचं असू शकतं, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडेल. ९ च्या खाली आलं तर कडेवर भिंगाने बघा, ओतीव नाण्याची बारीक रेघ सापडेल. अशी ओतीव नाणी बाजारात भरपूर आहेत. सुरुवातीच्या काळात एका विक्रेत्याकडून मी स्वतः दोन घेतली होती, ती अजून कपाटात आहेत, शिकाऊ मुलांना दाखवायला.

दोन्ही आकडे कळवा. शक्य झालं तर कडेचा, तिरप्या उजेडातला एक फोटोही.